शंभर किलोला पाच ग्रॅम

सुताराने पिशवी तिच्या टेबलावर उपडी केली आणि दारांच्या मुठींचा ढीग पडला. धातूचा म्हणून जो आवाज व्हावा तो झाला नाही. सुकलेली ढेकळं टाकावीत तसा झाला.

"मोजून घ्या बाई. एकवीस आहेत. आणखी नऊ दारांनाच लोंबताहेत."

तिने हातातलं मापाचं यंत्र बाजूला ठेवलं. तपासणीच्या खोलीत बाहेरच्या माणसाला मज्जाव होता. पण हा गृहस्थ सकाळपासून फाटकावर ठाण मांडून बसला होता, आणि त्याची तीच ती कैफियत ऐकून विटलेल्या पहारेकऱ्याने शेवटी बोट दाखवलं होतं: ती काचेच्या खोलीतली बाई दिसते ना, तिच्याकडे जा. नको असलेली माणसं तिच्याकडे पाठवायची, ही कारखान्याची जुनी वहिवाट होती.

"कुठल्या इमारतीतल्या?"

"मुलींच्या वसतिगृहातल्या. न्हाणीघरांच्या दारांना बसवल्या होत्या. दीड वर्षसुद्धा झालं नाही. मागच्या महिन्यात एक मुलगी आत अडकली. मूठ फिरवायला गेली तर मूठच हातात आली तिच्या. पाऊण तास बोंबलत होती बिचारी. शेवटी मी जाऊन दार कापलं. आणि आता म्हणतात, मीच बसवताना हातोडीने ठोकल्या, म्हणून तडकल्या." त्याने आपले दोन्ही पंजे पुढे केले, जणू पुरावा म्हणून. "तीस वर्षं दारं बसवतोय. मूठ कोणी ठोकून बसवतं का हो?"

"नाही. स्क्रूने बसते."

"मग तेवढं कागदावर द्या. वसतिगृहवाल्यांनी तुमच्या कंपनीला पत्र पाठवलं, तर तुमच्याकडून उत्तर गेलं की हाताळणीतला दोष. म्हणजे कोणाचा? माझा. पुढची दोन कामं गेली हातची. मुठी फोडणारा सुतार म्हणून नाव झालंय माझं."

तिने एक मूठ उचलली. वरच्या चकचकीत मुलाम्याला फोड आले होते, भाजलेल्या कातडीला येतात तसे. तुटलेल्या कडेवर तिने नख टेकवलं. करड्या रंगाचे कण सुटून टेबलावर पडले. एवढं जड, चांगलं दिसणारं जस्त. आणि आत ओल्या वाळूसारखं झालेलं. हे आपण कुठेतरी पाहिलंय, असं तिला वाटलं. कुठे, ते आठवेना.

"दहा दिवसांनी या," ती म्हणाली.

"दहा दिवस कशाला?"

"धातूला बोलायला तेवढे लागतात."

मॅनेजर सभ्य माणूस होता. आवाज चढवायचा नाही, चष्मा पुसत राहायचा. त्याच्या टेबलावर एक रबरी शिक्का होता, 'हाताळणीतील दोष' असं कोरलेला. परत आलेल्या मालाच्या कागदांवर तो वर्षभर इतका बडवला गेला होता की 'दोष'मधला 'ष' झिजून गेला होता.

"साहेब, यात शिसं आहे," ती म्हणाली. "गेल्या वर्षी भट्टीत भंगार टाकलं तेव्हाच मी लिहून दिलं होतं. डाग दिलेले पत्रे, जुन्या नळांचे जोड, सगळं त्यात होतं. आपल्या जस्तात शंभर किलोला पाच ग्रॅम शिसं चालतं. पाच ग्रॅम. सहावा ग्रॅम गेला की आतून कुजायला सुरुवात. त्यात न्हाणीघराची ओल."

"सिद्ध करा ना."

"नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवू या."

"त्याला वरून मंजुरी लागते."

"मग मंजुरी मागा."

"मागायला कारण लागतं. कारण तुमच्या तपासणीत निघालं पाहिजे."

"तपासणीसाठीच तर नमुना बाहेर पाठवायचाय."

"त्याला मंजुरी लागते," मॅनेजर म्हणाला, आणि चष्म्याची दुसरी काच पुसायला घेतली.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या कानांतून वाफा निघत होत्या. त्या वाफांवरूनच तिला आठवलं असावं: भांडारात एक जुनी वाफेची पेटी पडून होती. आतल्या आत पाणी तापत राहील, कोंडलेल्या वाफेत धातूचे तुकडे दहा दिवस ठेवायचे, आधी आणि नंतर लांबी मोजायची. शुद्ध जस्ताचा तुकडा होता तेवढाच राहतो. शिसं शिरलेला फुगतो, वाकतो, फुटतो. कोणाची मंजुरी लागत नाही. तिने पेटी स्वतः ओढत आणली, गंज खरवडला, सुताराच्या मुठींमधून चार तुकडे कापले, भट्टीवाल्याकडून शुद्ध जस्ताच्या विटेचे चार मागून घेतले, आणि आठही आत ठेवून झाकण लावलं. भट्टीवाल्याने तुकडे देताना विचारलंसुद्धा नाही, कशाला हवेत. त्याला ठाऊक असणार. सगळ्यांनाच ठाऊक होतं, फक्त सिद्ध झालेलं नव्हतं.

संध्याकाळी घरी परतताना, भाजीच्या पिशव्या एका हातातून दुसऱ्या हातात घेता घेता, ते फोड आलेलं जस्त कुठे पाहिलं होतं हे तिला अचानक आठवलं. ती रस्त्यातच उभी राहिली. मागून येणारा सायकलवाला करवादला.

घरात ती आणि तिचे बाबा, दोघंच. लग्न केलं नाही की झालं नाही, हा प्रश्न विचारणं आता नातेवाइकांनीही सोडून दिलं होतं. बाबा आतल्या खोलीत पेपर वाचत होते. तिने चपलाही न काढता स्टुलावर चढून आईचा शिवणाचा डबा खाली काढला. बटणं, सुया, रिळं, आणि तळाशी जुन्या रुमालात बांधलेले ते तुकडे.

चौतीस वर्षांपूर्वी बाबा एका खेळण्यांच्या कारखान्यात भट्टीवर होते. तिथे जस्त वितळवून साच्यांत दाबायचे आणि मोटारी, ट्रक, ट्रॅक्टर काढायचे. एकदा नव्या साच्यातून पहिला नग निघाला तो मालकाने बाबांना बक्षीस दिला. वीतभर लांबीचा, पिवळाधमक रोड रोलर. पुढचं चाक खरंच फिरायचं. तो काचेच्या कपाटात ठेवला गेला, आणि सुटीच्या दिवशी अर्धा तास, बाबांच्या देखरेखीखाली, जमिनीवर यायचा. दादा अकरा वर्षांचा होता, ती सात. त्या अर्ध्या तासात दादा त्याला हात लावण्याआधी सदऱ्याला तळवे पुसायचा.

एका संध्याकाळी रोलर कपाटातच दोन तुकडे होऊन पडलेला दिसला. बाबांनी दादाला विचारलं. दादा म्हणाला, मी हात लावला नाही. बाबांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही, पट्टा काढला. दादा रडला नाही, त्यामुळे मार लांबला. दुसऱ्या दिवसापासून तो 'मोड्या' झाला. नाव बाबांनीच ठेवलं. मग ते आत्याने उचललं, मामाने उचललं, शाळेतल्या पोरांनी तर झेललंच. पेला फुटला, मोड्या. छत्रीची काडी वाकली, मोड्या. भिंतीवरचं घड्याळ आपसूक बंद पडलं तरी सगळे आधी त्याच्याकडे बघायचे. एकोणिसाव्या वर्षी तो घर सोडून गेला, दुसऱ्या गावी फ्रिज दुरुस्त करायला शिकला, आणि मोडलेल्या वस्तू नीट करून देण्यावर त्याने संसार उभा केला. हे घरात कोणाच्या ध्यानात आलं नाही. आई गेली तेव्हा तो आला आणि त्याच दिवशी परतला. तिच्याशी मात्र दर गुरुवारी, जेवणाच्या सुटीत, फोनवर बोलायचा. बाबांचं नाव काढायचा नाही.

तिने रुमाल सोडला. दोन तुकडे होते ना? आता सात झाले होते. चाक फुगून आपल्याच कण्यात घट्ट अडकलं होतं. पिवळा रंग फोडांनी उचलला गेला होता आणि खालून करडा कोंडा सांडत होता. चौतीस वर्षं हा रुमाल कोणी सोडला नव्हता. मग हे पाच तुकडे कोणी पाडले?

दुसऱ्या दिवशी तिने भिंगाखाली पाहिलं. हातोडीने किंवा पडून फुटलेलं जस्त एका बाजूने फुटतं. हे सगळीकडून, कणाकणाच्या सांध्यांतून उकललं होतं. शेजारी वसतिगृहाची मूठ ठेवली. सख्खी भावंडं. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात म्हणतात. इथे तर मुळात चोरच नव्हता.

गुरुवार नसतानाही तिने फोन लावला.

"दादा, तू मोडला नव्हतास रोलर."

पलीकडे कुठलंसं यंत्र घरघरत होतं. ते बंद झालं.

"हे तू मला सांगतेस? मी हातही लावला नव्हता. चौतीस वर्षं घसा कोरडा करून तेच सांगतोय."

"पण आता पुरावा आहे. धातूच खराब होता. शिसं होतं त्यात. तो आपोआप फुटला, कपाटात बसल्या बसल्या."

"बरं."

"बरं काय? मी आज बाबांना दाखवणार आहे."

"दाखव," तो म्हणाला. "बघ काय म्हणतात." आणि मग, ती फोन ठेवणार इतक्यात, "मलाही सांग, काय म्हणतात ते."

बाबा खुर्चीच्या डुगडुगत्या पायाला सुतळी गुंडाळत बसले होते. तिने रुमाल त्यांच्यासमोर जमिनीवर पसरला. वाटेत तिने सगळं मनात जुळवून ठेवलं होतं, आणि ती परीक्षेला बसल्यासारखी घडाघडा बोलत सुटली: कण, सांधे, ओल, वाफेची पेटी. बाबांनी मधेच एक तुकडा उचलला. चष्मा लावला नाही. अंगठ्याने चोळला आणि करड्या झालेल्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"मला शिकवतेस होय," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता.

"तसं नाही बाबा."

"माणसाला जस्त माहीत नव्हतं तेव्हाही पितळ होतं, हे तुला कोणी सांगितलं? मीच ना? तांब्याचे तुकडे, जस्ताची माती आणि कोळसा, तोंड बंद केलेल्या मुशीत तापवायचे. जस्त धूर होऊन उडायला बघतं, पण जाणार कुठे? तांब्यात शिरतं. उघडून बघावं तर तांबं पिवळं झालेलं. शेकडो वर्षं असं चाललं, आणि जस्त म्हणून डोळ्यांनी कोणी पाहिलं नव्हतं. मग कोणा शहाण्याने तो धूर गार करून धरला, तेव्हा कुठे ते हाताला लागलं." ते सुतळीचं टोक शोधत बोलत होते. "पितळेत शिसं गेलं तर चालतं. उलट लेथवर कातायला सोपं जातं, म्हणून मुद्दाम टाकतात. पण जस्ताच्या ओतीव मालात शिसं म्हणजे दुधात मिठाचा खडा. त्या दिवशी काही दिसत नाही. दुसऱ्या दिवशीही दिसत नाही."

"एवढं माहीत होतं तर तुम्हाला तेव्हाच कळायला हवं होतं."

"कळलंच होतं."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"कधी?"

"त्याच संध्याकाळी. तुकडा हातात घेतला तेव्हाच."

"मारायच्या आधी?"

सुतळीचं टोक सापडलं होतं. तरी ते शोधत राहिले.

"आधी," बाबा म्हणाले.

बाहेर कोणीतरी बादलीत नळ सोडला होता. बादली भरून वाहू लागली तरी कोणी तो बंद करेना.

"मालकाने छापखान्यातले अक्षरांचे झिजलेले खिळे आणले होते, पोतीच्या पोती. खिळ्यांत मुख्य शिसंच. म्हणाला, वजनाला भर म्हणून टाक थोडे थोडे. मी टाकले. नको म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही. तीन महिन्यांत अकरा हजार नग बाहेर पडले. आज फुटतील, उद्या फुटतील, याच धाकात होतो. आणि पहिला फुटला तो माझ्याच कपाटात."

"म्हणून तुम्ही दादाला..."

"घरात येणारा-जाणारा विचारणार, रोलर कुठे गेला? कसा मोडला? कारखान्यातली माणसं यायची आपल्याकडे. पोराने पाडला म्हटलं की विषय मिटतो."

"आणि नंतर? चौतीस वर्षं?"

"आज सांगू, उद्या सांगू, करत राहिलं. लहान होता तोवर खाऊ देऊन समजूत काढता आली असती. मोठा होत गेला तसं सांगायचं अवघड होत गेलं." त्यांनी खुर्ची उभी करून दाबून पाहिली. ती अजून डुगडुगत होती. "मग तो गेलाच."

ती उठून गच्चीवर गेली आणि दोरीवरचे वाळलेले कपडे ओढून काढू लागली. दोन चिमटे तुटले. आपण निरपराध माणसाची सुटका करायला निघालो होतो, आणि हाती काय आलं? असं सत्य की ते ना ठेवता येत होतं, ना कुणाला देता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

पण दादाने विचारलं होतं. गुरुवारी त्याचा फोन आला तेव्हा तिने सांगितलं. गाळून सांगायचा प्रयत्न केला, पण गाळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"मारताना माहीत होतं त्यांना?" दादा म्हणाला.

"हो."

"आणि नाव ठेवलं तेव्हा?"

फोन बंद झाला. पुढच्या गुरुवारी तो आलाच नाही. तिने लावला तर वाजत राहिला.

घरात बाबांनी नवीनच सुरू केलं होतं. रोलरचे तुकडे समोर घ्यायचे आणि डिंकाने चिकटवत बसायचं. दोन तुकडे जोडायला जावं, तर दाबताना तिसरा निघायचा. सातांचे अकरा झाले. जेवायला हाक मारली तर "आलो" म्हणायचे आणि यायचे नाहीत. पान तसंच. तिने एकदा चिडून सांगितलं, "बाबा, हे जुळणार नाही. मी रोज हेच बघते. जुळत नाही हे." ते म्हणाले, "माहीत आहे," आणि डिंकाच्या बाटलीचं झाकण उघडलं.

दहाव्या दिवशी तिने पेटी उघडली. वाफ निवेपर्यंत हात मागे बांधून उभी राहिली. शुद्ध विटेचे चारही तुकडे ठेवले तसे होते. यंत्राचा काटा केसभरही सरकला नाही. मुठींमधले चार वाकले होते. एक तर उचलताना बोटांत भुगा झाला. तिने आकडे लिहिले, खाली स्पष्ट वाक्य लिहिलं: 'दोष धातूत आहे. शिशाचं प्रमाण मर्यादेबाहेर असल्याची खूण. बसवणाऱ्याचा किंवा वापरणाऱ्याचा संबंध नाही.' सही केली. तीन प्रती काढल्या.

मॅनेजरने प्रत वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली.

"हे बाहेर गेलं तर पंचवीस हजार मुठी परत बोलवाव्या लागतील. कळतंय तुम्हाला? भट्टी बंद होईल. भट्टीवरच्या माणसांनी कुठे जायचं?"

भट्टीवाल्याने ते चार तुकडे तिच्या हातावर ठेवले होते, तो हात तिला आठवला.

"ते मला माहीत नाही साहेब. पण अडकलेली मुलगी होती, आणि त्यासाठी सुताराला धरलंय."

"सुताराचं बघू ना आपण. त्याला दुसरीकडे कुठेतरी काम..."

"तो कागद मागतोय."

"कागद देता येणार नाही."

"दिलाय," ती म्हणाली. "तो आत्ता फाटकावर आहे. मघाशीच दिला."

मॅनेजरने आवाज चढवला नाही. त्याने तिची प्रत खणात ठेवली, खण बंद केला, आणि सोमवारपासून तपासणीऐवजी तिने भांडारात बसावं, असं सांगितलं. तिथे मदतीची गरज आहे म्हणाला. फाटकाबाहेर सुतार कागद छातीशी धरून अजून उभा होता. तिला पाहून म्हणाला, "बाई, यातलं शेवटचं वाक्य तेवढं समजलं. तेवढं पुरे ना?"

"पुरे की नाही ते वसतिगृहवाले ठरवतील."

"ते वाचतील का?"

"वाचायला लावा."

तो गेला. त्याचं काम होईल असं तिला ठामपणे वाटेना. खण बंद झाला तो आवाज तेवढा कानात होता.

भांडाराच्या पहिल्याच दिवशी, खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत असताना, दादाचा फोन आला. सोमवार होता.

"कुठे आहेस? एवढी शांतता कशी?"

"भांडारात. बदली झाली."

"का?"

"हात दाखवून अवलक्षण." तिने थोडक्यात सांगितलं. तो ऐकत होता. मधे एकदा हसलाही, नाकातून.

"म्हणजे आपल्या घरात एकाने तरी लिहून दिलं म्हणायचं," तो म्हणाला. मग, "कसे आहेत?"

'ते' कोण, हे त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. सव्वीस वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा येत होता.

"जेवत नाहीत नीट. रोलरचे तुकडे घेऊन बसतात. चिकटवतात. त्याचं आता पीठ व्हायची वेळ आली आहे."

"दिवसभर?"

"दिवसभर."

पलीकडे कोणीतरी त्याला काहीतरी विचारलं. "थांब दोन मिनिटं," तो त्या माणसाला म्हणाला. मग तिला, हळू आवाजात, "त्यांना सांग, मीच पाडला होता."

"काय?"

"रोलर. माझ्या हातून पडला होता म्हणावं. तुकडे मीच परत कपाटात ठेवले आणि खोटं बोललो. घाबरलो होतो म्हणावं."

"दादा, तू हजार वेळा मला सांगितलंयस..."

"सांगितलं असेल. आता हे सांगतोय. एवढं कर, आणि ते तुकडे फेकून दे."

"पण ते खरं नाही."

"तुला कागदावर द्यायचं नाहीये ते," दादा म्हणाला. "तोंडी सांगायचंय." आणि तो गिऱ्हाइकाशी बोलायला गेला.

घरी आली तेव्हा बाबा मटारच्या शेंगा सोलत बसले होते. तिनेच सकाळी त्यांना कामाला लावलं होतं, ते तुकडे थोडा वेळ तरी हातातून सुटावेत म्हणून. ती समोर बसली. दोन शेंगा सोलल्या. काय बोलावं आणि कसं, हे तिला वाटेत सुचलं नव्हतं, आताही सुचत नव्हतं.

"दादाचा फोन आला होता."

शेंगा सोलणारे हात थांबले नाहीत.

"म्हणाला, रोलर त्याच्याच हातून पडला होता. तुकडे त्यानेच परत आत ठेवले. तुम्हाला सांग म्हणाला."

आता थांबले.

"असं म्हणाला?"

"हो."

"चिडून?"

"नाही. हळू."

बाबा मांडीवरच्या परातीत बघत राहिले. त्यांनी काही दाणे बोटांनी एका बाजूला केले, पुन्हा पसरले.

"कपाटाची किल्ली तुझ्या आईजवळ असायची," ते म्हणाले. "झोपतानासुद्धा उशाखाली. त्याला कुठून मिळणार?"

"माहीत आहे मला."

"त्यालाही माहीत आहे. मलाही माहीत आहे." त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "आणि आता मी म्हणायचं, बरं बाबा, तूच पाडलास. पुन्हा एकदा."

तिने मान खाली घातली. दादाचा निरोप पोचवला ते बरं केलं की वाईट, तिला कळेना. बाबांनी परात खाली ठेवली, गुडघ्यावर हात देऊन उठले, खुंटीवरचा सदरा काढला, त्याची कॉलर उजेडाकडे धरून पाहिली.

"सकाळची गाडी किती वाजता असते?"

"साडेसहाला. पण बाबा, फोन लावून देते ना मी आत्ता."

"फोनवर नको." त्यांनी सदरा हातावर टाकला. "तुला सुटी मिळेल?"

"भांडारात कोण विचारतंय मला."

"मग दोन तिकिटं काढ," बाबा म्हणाले. "मला त्याचं घर माहीत नाही."